मनाचे आरोग्य आणि घरातला शब्द

नरसीच्या थांब्यावर हिंगोलीच्या एसटीची वाट पाहणाऱ्या आजारी बाईला विचारले, तर ती सांगेल : अंग मोडून येते, झोप लागत नाही, जिवाला चैन नाही. पण दवाखान्यात आज जायचे की उद्या, भाड्याला पैसे किती घ्यायचे, हे कोणी ठरविले, असे तिला आपण सहसा विचारीत नाही. या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध असेल काय? आजचा विषय एवढाच आहे.

हा संबंध शास्त्राच्या कसोटीवर तपासणाऱ्यांत डॉ. विक्रम पटेल यांचे नाव घ्यावे लागते. हे मनोविकारतज्ज्ञ जन्माने मुंबईचे. पुढे ते ऑक्सफर्डला शिकले. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात काम करताना त्यांना आढळले, की तेथील रोगी आपल्या दुखण्याला ‘फार विचार होतो’ अशा अर्थाचे नाव देतात. आपल्या घरोघरी तरी दुसरे काय ऐकू येते? १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापिली.

गोव्यात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वर्षे वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. शंभरांत सहा-सात स्त्रियांना चिंता वा उदासीनता यांचा विकार होता. नवऱ्याचा जुलूम, वैधव्य, दारिद्र्य यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी या विकाराशी निगडित दिसल्या : घरातील निर्णयांत स्वतःचा शब्द नसणे आणि घरच्यांचा आधार नसणे.

येथे एक सावधगिरी हवी. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते, असे नव्हे; मन खचलेला माणूस आपण होऊनही निर्णयांतून अंग काढून घेतो.

तरीही एक गैरसमज यातून दूर होतो. स्वाधीनता म्हणजे घर तोडणे, अशी आपल्याला धास्ती वाटते. परंतु या पाहणीत शब्द नसणे जसे घातक दिसले, तसेच आधार नसणेही. मनाला दोन्ही हवे असतात.

पुढे पटेल हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यापूर्वी गोव्यातील २४ दवाखान्यांत त्यांनी एक प्रयोग केला होता. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी रोग्यांचे ऐकून घ्यायचे व त्यांना मार्ग दाखवायचा. सरकारी दवाखान्यांत त्याचा गुण आला, खाजगी दवाखान्यांत फरक दिसला नाही, असे २०१० साली प्रसिद्ध झाले.

औषध लागेल तेथे ते घ्यावेच. पण घरी गेल्यावर सुनेला, आईला, बहिणीला एकदा विचारून पाहा : ‘तुला काय वाटते?’ आणि विचारल्यावर तिचे उत्तर घरात चालू द्या.