मोजमापाचा साक्षी

दिल्लीच्या कर्तव्यपथावरून रायसीना टेकडीकडे जाताना, राष्ट्रपतिभवनाची भव्य वास्तू मधल्या चढामुळे काही काळ दृष्टीआड होते. या चढाची आखणी आधीच मान्य झाली होती. तिचा परिणाम वास्तुविशारद ल्युटेन्स यांना उशिरा उमगला. चढ बदलण्याची त्यांची मागणी 1916 साली खर्चाच्या कारणास्तव फेटाळण्यात आली. कागदावरची रेघ खोडरबराने पुसता येते. जमिनीवर उतरलेली रेघ पुसावयास तिजोरी लागते.

लहान बांधकामांनाही हाच न्याय लागू पडतो. द्वारकेतील एखादी सहकारी गृहसंस्था मोठे काम हाती घेते, तेव्हा सभेत प्रश्न निघतोच : वास्तुविशारद आहे, अभियंता आहे; मग क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे परिमाण-तज्ज्ञ, आणखी कशाला?

नकाशावरून प्रत्येक कामाचे परिमाण काढणे, कंत्राटदाराचे दर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दिल्ली दरसूचीशी ताडून पाहणे, बिल चुकते करण्यापूर्वी झालेले काम मोजणे आणि प्रत्येक फेरबदलाची किंमत आधी सांगणे, हे त्याचे कार्य.

गिलाव्याचेच उदाहरण घ्यावे. भारतीय मानक 1200 प्रमाणे अर्धा ते तीन चौरस मीटरांच्या खिडकीसाठी, दोन्ही अंगांना सारखाच गिलावा असल्यास, एकाच अंगाची वजावट करावयाची असते. दीड मीटर गुणिले 1.2 मीटर मापाच्या चाळीस खिडक्यांची वजावट 72 चौरस मीटर होते. ती राहून गेली, तर कोणी खोटे न बोलताही सभासदांचा पैसा जातो. दोन्ही अंगे वजा केली, तर कंत्राटदारावर अन्याय होतो.

मग हा तज्ज्ञ नेमावा केव्हा? एका कुटुंबाचे साधे घर ठोक रकमेत बांधावयाचे असेल, तर अभियंत्याचे अंदाजपत्रक एकदा तिऱ्हाईताकडून तपासून घेणे बहुधा पुरते. परंतु काम परिमाणाच्या दराने दिलेले असेल, बांधकाम दीर्घकाळ चालणार असेल आणि पैसा अनेकांचा असेल, तर त्याची नेमणूक निविदा मागविण्यापूर्वीच करावी. भांडण पेटल्यावर आलेला तज्ज्ञ गिलाव्याआड झाकलेले काम मोजू शकत नाही. त्याचे मानधनही मालकानेच द्यावे; कंत्राटदाराच्या पदरी असलेला मापारी निःपक्ष राहील, ही अपेक्षाच चुकीची.

सभासदांची आयुष्यभराची पुंजी ज्या भिंतींत घातली जाते, त्या भिंतींना एक साक्षी असावा, एवढेच या नेमणुकीचे प्रयोजन.