२,१४,७४,८३,६४७ : तुमच्या फोनमधला हा आकडा इतका खास का?

ऑफिसमध्ये कर्जाच्या एका ॲपचं टेस्टिंग करत होतो. १५ वर्षांचं कर्ज टाकलं, हप्त्यांचं वेळापत्रक उघडलं, तर शेवटचा हप्ता २०३९ ऐवजी १९०३ साली! चूक एका शब्दाची होती आणि माझीच होती. तारीख साठवायला मी ‘इंट’ वापरला होता.

इंट म्हणजे ३२ बिटची जागा. त्यातला एक बिट संख्या अधिक की उणे हे सांगण्यात जातो, उरतात ३१. हे सगळे १ केले की त्यात मावणारी सर्वात मोठी संख्या मिळते: २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजेच २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. यात आणखी १ मिळवला की आकडा सहसा थेट उणे २,१४,७४,८३,६४८ वर जातो. जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर यायचं ना, तसंच. फक्त इथे शून्य नाही, डायरेक्ट तळ. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’चे व्ह्यूज या आकड्याच्या पुढे गेले, तेव्हा यूट्यूबचा काउंटरही ६४ बिटचा झाला.

आता गंमत बघा. ही संख्या मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. हे ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केलं, कॅल्क्युलेटरशिवाय! खरं तर ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं होतं. पण त्याने आधी दाखवलं की हिचा मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. झालं, तपासायच्या संख्या चारशेच्या आत आल्या. आम्ही याला ऑप्टिमायझेशन म्हणतो.

पण मूळ असण्याचा आणि कॉम्प्युटरच्या मर्यादेचा काही संबंध नाही बरं का. १६ बिटची मर्यादा ३२,७६७ आहे आणि ती ७ × ३१ × १५१ अशी फुटते. कारण तिथे घात १५, म्हणजे ३ × ५. घात फुटला की संख्याही फुटतेच. ३१ स्वतः मूळ आहे, म्हणून आपल्या संख्येला निदान चान्स होता. (खात्री मात्र नाही: ११ मूळ असूनही २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७ = २३ × ८९.)

तर माझा हप्ता १९०३ मध्ये का गेला? बहुतेक सिस्टिम्स वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. ३२ बिटमध्ये हे सेकंद संपतात १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१.

तुमचा फोन ६४ बिटचा असेल, तर त्याचं स्वतःचं घड्याळ ठीक चालेल. पण जावामधला इंट ६४ बिटच्या फोनवरही ३२ बिटचाच राहतो, त्यामुळे ॲप लिहिणारा माझ्यासारखा निघाला की घोटाळा. कोडिंग शिकत असाल तर सेकंद ‘लाँग’मध्येच ठेवा. त्याची मर्यादा, २ चा ६३ वा घात वजा १, मूळ नाही. तिला ७ ने दोनदा भाग जातो. पण सेकंद मात्र सुमारे २९,२०० कोटी वर्षं पुरतात.