ऑस्टिओकॅल्सिन : हाडातले प्रथिन आणि रक्तातली साखर

देहूहून तुकोबांची पालखी निघाली की वारकऱ्यांना पंढरपूरपर्यंत रोज बरेच अंतर पायी चालावे लागते. मधुमेह असलेल्यांची साखर या चालण्याने कमी होते, कारण चालणारे स्नायू ती वापरतात. पण चालताना हाडांवरही भार पडतो. मग साखरेच्या कारभारात हाडांचाही वाटा असतो का? हा प्रश्न ऑस्टिओकॅल्सिन नावाच्या प्रथिनामुळे पुढे आला.

हे प्रथिन काय करते?

हाड हा निर्जीव खांब नव्हे. काही पेशी जुने हाड विरघळवतात आणि दुसऱ्या पेशी नवे बांधतात. हे काम जन्मभर चालते. हाड बांधणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन तयार करतात. माणसात ते फक्त ४९ अमिनो आम्लांचे असते. जीवनसत्त्व 'के'च्या मदतीने त्यात बदल झाला की ते कॅल्शियमला घट्ट धरते आणि हाडात बसते. जुने हाड विरघळताना तिथे आम्ल तयार होते. त्यामुळे काही रेणूंची पकड सुटते आणि ते रक्तात येतात.

साखरेशी संबंध कसा जोडला गेला?

२००७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने उंदरांवरील संशोधन प्रसिद्ध केले. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत चरबी वाढली, इन्सुलिन कमी तयार झाले आणि त्याचा परिणामही कमी झाला. हाड हीदेखील संप्रेरक सोडणारी ग्रंथी आहे, असा विचार यातून पुढे आला.

मात्र २०२० मध्ये जपान व अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे तयार केलेल्या अशाच उंदरांत साखरेचा बिघाड आढळला नाही. जपानी गटाला हाडातील खनिजाची मांडणी बिघडलेली आणि हाडाची ताकद कमी झालेली दिसली. माणसांत टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या रक्तात ऑस्टिओकॅल्सिन अनेकदा कमी आढळते. पण ते कमी असल्यामुळे मधुमेह होतो की मधुमेहामुळे ते कमी होते, हे अजून ठरलेले नाही.

रुग्णाने यातून काय घ्यावे?

मधुमेह हाडांना कमकुवत करतो, एवढे मात्र पक्के आहे. टाइप २ मधुमेहात हाडांची घनता तपासणीत चांगली दिसूनही फ्रॅक्चरचा धोका जास्त असतो. वाढलेल्या साखरेमुळे हाडातल्या कोलॅजेनची लवचीकता कमी होते. पायांचा बधिरपणा, अधू नजर आणि साखर अचानक उतरणे यांमुळे पडण्याची शक्यताही वाढते. म्हणून –

• साखर आटोक्यात ठेवा. रोज चाला आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करा.

• डाळी, कडधान्ये, दूध-दही, चालत असल्यास अंडी-मासे, तसेच मेथी, पालक, अळू या भाज्या आहारात ठेवा.

• चाकण-तळवडे भागात रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांना ऊन कमी मिळते. त्यांनी जीवनसत्त्व 'डी'ची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

• मधुमेहाच्या निदानासाठी किंवा उपचारासाठी ऑस्टिओकॅल्सिनच्या तपासणीची गरज नाही. साखर उतरवण्यासाठी 'के' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलही मनाने घेऊ नका. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम ही रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर या कॅप्सूलमुळे त्यांचा परिणाम कमी होऊन गुठळी होऊ शकते. अशा रुग्णांनी पालेभाज्या बंद करू नयेत. त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे.

• वारीला निघण्याआधी इन्सुलिनचा व गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. एकादशीच्या उपवासाबद्दलही तेव्हाच विचारा. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि रोज रात्री तळपाय नीट पाहा.

किरकोळ पडण्यानेही हाड मोडले, तर प्लास्टर निघाल्यावर विषय संपला असे समजू नका. साखर आणि हाडे, दोन्हींची तपासणी करून घ्या.