शरीराचं अस्तर आणि मेळघाटचा पावसाळा

धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटचे दोन तालुके. 1993 साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात तेच तपशील छापून येतात : सॅम म्हणजे तीव्र कुपोषित मुलं किती, मॅम म्हणजे मध्यम कुपोषित किती, वजन किती, दंडघेर किती. पण कुपोषित मूल बहुतेकदा निव्वळ उपासमारीनं दगावत नाही. त्याला जुलाब नेतात, न्यूमोनिया नेतो. धडधाकट मूल ज्या आजारातून आठवडाभरात उठतं, त्यात हे मूल का जातं? याच्या उत्तराचा मोठा भाग नववीच्या विज्ञानात, मुलं पाठ करून विसरतात त्या धड्यात आहे : प्राणी ऊती.

प्राण्यांच्या शरीरात ऊती मुख्यतः चार प्रकारच्या. स्नायू ऊती हालचाल करते, चेता ऊती निरोप नेते, संयोजी ऊती जोडते आणि आधार देते. चौथी अभिस्तर ऊती. शरीराचा बाहेरच्या जगाशी जिथं जिथं संबंध येतो, तिथं ही पसरलेली असते; त्वचेवर, तोंडात, श्वासनलिकेत, आतड्यात. तिच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. खालच्या संयोजी ऊतीतून झिरपेल त्यावर ती जगते. आणि ती सतत झिजते, सतत नव्यानं बनते.

प्रकारांची नावं अवघड वाटतात, पण हिशेब दोनच गोष्टींचा. थर किती आणि पेशी कशी? एकच थर असेल तर सरल, अनेक असतील तर स्तरित. पेशी चपटी असेल तर पट्टकी, घनाकृती असेल तर घनाभरूप, उभट असेल तर स्तंभीय. जिथं देवघेव करायची तिथं एकच थर. जिथं घासणं-खरचटणं आहे तिथं अनेक. म्हणून फुप्फुसाच्या वायुकोशांत सरल पट्टकी, प्राणवायू पटकन पार व्हावा इतकं पातळ. मूत्रपिंडाच्या नलिकांत घनाभरूप. तोंडात आणि अन्ननलिकेत स्तरित पट्टकी. मूत्राशयाचं अस्तर तर वेगळंच : भरलं की ताणून पातळ होतं, रिकामं झालं की पुन्हा जाड.

मेळघाटच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं अस्तर लहान आतड्यातलं. तिथं स्तंभीय अभिस्तराचा एकच थर असतो. तो असंख्य बारीक उद्वर्धांवर पसरलेला असतो आणि प्रत्येक पेशीच्या माथ्यावर आणखी सूक्ष्म केसाळ काठ असतो. त्यामुळं प्रौढ माणसाच्या आतड्याचं शोषणाचं क्षेत्रफळ सुमारे 30 चौरस मीटर भरतं. अंगावरची सगळी कातडी जेमतेम 2 चौरस मीटर. या पेशींचं आयुष्य तीन ते पाच दिवस. इथल्या कोरकू आदिवासींच्या घराची कुडाची भिंत वेळच्या वेळी लिंपली नाही तर पोपडे धरते. आतड्याचं तसंच आहे, फक्त हे लिंपण रोजचं आहे आणि त्याची माती म्हणजे प्रथिनं, जस्त आणि अ जीवनसत्त्व.

मुलाच्या पोटात हे गेलं नाही की उद्वर्ध आखूड होतात, पेशींमधल्या सांध्यांना फटी पडतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही आणि जंतूंचे अंश आत शिरतात. पावसाळ्यात नाल्याचं गढूळ पाणी प्यायलं जातं, जुलाब होतात, आणखी पेशी गळतात, भूक मरते. कुपोषणानं जुलाब आणि जुलाबानं कुपोषण. त्यात पुरानं रस्ता तुटला की दवाखानाही लांब पडतो.

तरीही आतड्याच्या पेशीत एक वाट शाबूत राहते. सोडिअम आणि ग्लुकोज सोबत आले तर पेशी दोघांना आत घेते आणि मागोमाग पाणीही येतं. जुलाब चालू असतानाही हे घडतं. ओआरएसचं सगळं शास्त्र एवढंच. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी सलाईन संपत आल्यावर साखर-मिठाचं पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचवले. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. पुडी नसेल तेव्हा हे घरी होतं.

जुलाबांनंतर न्यूमोनिया. श्वासनलिकेत रोमक अभिस्तर असतं. त्याचे केसांसारखे रोम सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि धुळीचा, जंतूंचा चिकटा घशाकडे ढकलतात. बंद खोलीत ओली लाकडं जळू लागली की धुरानं हे रोम मंदावतात, जंतू खाली फुप्फुसात उतरतात. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर नुकसान आणखी : रोमांच्या जागी कोरडं, कातडीसारखं अस्तर येतं. उंदरांवर हे वोलबाख आणि होव या संशोधकांनी 1925 मध्येच दाखवलं होतं. हाच कोरडेपणा डोळ्यात पांढुरक्या, फेसाळ ठिपक्याच्या रूपानं दिसतो. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दिला जाणारा अ जीवनसत्त्वाचा डोस म्हणूनच चुकवायचा नसतो.

उरली त्वचा. तिचं स्तरित अभिस्तर वरून केराटिननं कडक झालेलं असतं. ना पाणी बाहेर, ना जंतू आत. मेळघाटात पोट फुगलं की भुमकाकडून, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडून, बाळाच्या पोटाला तापल्या विळ्याचे चटके देण्याच्या बातम्या अजूनही येतात. चटक्यानं पोट बरं होत नाही. आतलं अस्तर आधीच फाटकं असलेल्या बाळाचं बाहेरचंही अस्तर जाळलं जातं, आणि जंतूंना आणखी एक वाट मिळते.

बैरागडला पद्मश्री डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं ही लढाई लढत आले आहेत. पण प्रत्येक पाड्यावर डॉक्टर पोचणार नाही. नववीतली मुलगी मात्र बहुतेक गावांत असते, आणि अनेकदा धाकटं भावंड तिच्याच कडेवर असतं. धारणीच्या शिक्षकांनी हा धडा आकृत्यांपुरता ठेवू नये. स्तंभीय अभिस्तर शिकवताना त्याच तासाला वर्गात साखर-मिठाचं पाणी करून दाखवावं, आणि चटके का द्यायचे नाहीत हेही त्याच फळ्यावर लिहावं.