भाताच्या काडीतली ये-जा

आषाढात कर्जत-खालापूरच्या खाचरांत लावणी सुरू होते तेव्हा राबावर बसलेल्या बायकांच्या हातांकडे बघावं. रोपं बुडाशी धरून उपटायची, मुळांचा चिखल पाण्यात खळबळून काढायचा आणि मूठ बांधायची. या हातघाईत मुळांवरचे केसासारखे बारीक तंतू तुटतात आणि पाणी शोषण्याची बरीचशी भिस्त त्यांच्यावरच असते. पानं मात्र आपलं पाणी हवेत सोडतच राहतात. म्हणून लावलेलं रोप आधी पिवळं पडतं. काही दिवसांनी बुडातून पांढरी मुळं फुटली, पात हिरवी झाली, की रोपाने जीव धरला म्हणायचं.

ढगाळ, ओलसर हवेत पानांतून बाष्प कमी जातं, म्हणूनच ही ओढाताण रोपाला सोसते. उन्हाळी भाताचं तसं नाही. 1922 साली सुरू झालेल्या भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून बाहेर पडणारं पाणी राजनाल्याने कर्जत तालुक्यातल्या शेतांत येतं आणि त्यावर हिवाळ्याच्या अखेरीस दुसरी लावणी होते. तेव्हा थंड रात्रींमुळे मुळं सावकाश फुटतात, दुपारचं ऊन मात्र पानांतलं पाणी ओढत असतं. साहजिकच रोप सावरायला जास्त दिवस घेतं.

मुळं कामाला लागल्याची खूण पहाटे दिसते. पातीच्या अगदी टोकाशी टपोरा थेंब असतो. दव पातभर पसरतं. हा थेंब आतून आलेला असतो. रात्री पानांची छिद्रं मिटलेली, पण मुळं क्षार आत घेत राहतात, त्यामागोमाग पाणी शिरतं आणि दाब वाढून टोकाच्या रंध्रातून बाहेर येतं. उजाडल्यावर कारभार बदलतो. छिद्रं उघडतात, बाष्प निघून जातं आणि त्या ओढीने जलवाहिन्यांतलं पाणी अखंड धाग्यासारखं वर चढतं. पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की हा धागा सहसा तुटत नाही. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी हा विचार 1894 मध्ये मांडला. पाणी वर ओढण्याचं हे काम मुख्यतः ऊनच करतं. जमिनीतून घेतलेली नत्र आणि पालाश ही द्रव्यंही याच पाण्याबरोबर वर जातात.

क्षार आत घ्यायला मुळांना श्वास लागतो आणि चिखलात हवा नसते. भाताने त्यावर काढलेला मार्ग मला त्याच्या साऱ्या रचनेत सर्वांत देखणा वाटतो. पानांपासून मुळांपर्यंत पोकळ वाटा असतात आणि त्यांतून प्राणवायू खाली जातो. तो मुळांबाहेर झिरपला की चिखलातलं लोह गंजतं, म्हणून निरोगी रोप उपटलं तर जुन्या मुळांवर तांबूस थर दिसतो. मुळं काळी आणि सडक्या अंड्याच्या वासाची निघाली तर खाचराचं पाणी काढून जमिनीला हवा द्यावी लागते.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी उभ्या केलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी आणि लावणी दोन्ही नाहीत. गादीवाफ्यावर साच्याने भोकं पाडून बी टोकतात, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू देतात. रोप उपटलंच जात नाही, त्यामुळे जीव धरण्याचे ते दिवसही वाचतात. तणनाशकावरचं अवलंबन ही या पद्धतीची खटकणारी बाजू आहे, पण मुळांच्या दृष्टीने तिचा विचार पक्का आहे.

पोटरी फुटली की दुसरी वाहतूक महत्त्वाची ठरते. वरच्या पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून लोंबीकडे निघते. जिथे साखर भरते तिथे दाब जास्त, जिथे खर्ची पडते तिथे कमी आणि त्या फरकाने रस वाहतो, असं जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट म्युंख यांनी 1930 मध्ये सांगितलं. दुधात आलेला दाणा चिमटीत दाबला तर पांढरा रस निघतो. ती वाहून आलेली साखर, आता पिष्ट होत असलेली.

याच वाटांवर कीड टपलेली असते. तपकिरी तुडतुडे बुडाशी बसून रसवाहिन्यांत सोंड खुपसतात आणि शेतात जळल्यासारखे गोल ठिपके पडतात. खोडकिड्याची अळी काडी आतून पोखरते. मग लोंबी बाहेर येते ती पांढरी आणि पोचट. तिला पळींज म्हणतात. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडले तर त्यांवरची खोडकिड्याची अंडी तिथेच नष्ट करता येतात.

फुलोऱ्यानंतर साधारण महिनाभरात दाणा भरतो आणि त्याच्याकडे येणारी वाट बंद होते. पुढे पीक शेतात ठेवून दाण्यात काहीच भर पडत नाही. तो गळतो किंवा परतीच्या पावसात सापडतो. म्हणून कापणीआधी आठ-दहा दिवस खाचराचं पाणी काढावं आणि लोंबीतले बहुतेक दाणे पिवळे दिसताच विळा लावावा.