घरबसल्या दूरचा संगणक

ठाण्यास अगर डोंबिवलीस राहून मुंबईंतील एखाद्या कचेरीचे संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थाला, रात्रीं एखादें यंत्र अडलें म्हणजे पहांटेची पहिली लोकल गांठण्यावांचून दुसरी गति नसे. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली, सर्वसामान्य प्रवाशांच्या गाड्या थांबल्या, आणि कचेरीचें काम मात्र थांबून चालण्यासारखें नव्हतें. तेव्हांपासून घरबसल्या दूरचा संगणक चालविण्याचीं साधनें अनेक बिऱ्हाडांत शिरलीं व टाळेबंदी गेली तरी तीं राहिलीं. त्यांतलें कोणतें घ्यावें हा प्रश्न पुष्कळ ठिकाणीं ‘सोपें कोणतें’ एवढ्यावरच मिटविला जातो. वस्तुतः असें साधन घेणें म्हणजे कचेरीच्या भिंतीला नवें दार पाडणें होय; आणि त्या दाराला कुलूप कसलें बसणार, हें अगोदर पाहिलें पाहिजे.

प्रथम काम कोणत्या जातीचें आहे तें ठरवावें. सर्व्हर लिनक्सचा असून त्याच्याशीं व्यवहार लेखी आज्ञांनीं होत असेल, तर दूरच्या पडद्याचें चित्र घरीं आणण्याचें कांहींच कारण नाहीं. या कामासाठीं पूर्वीं टेलनेट नांवाची पद्धत होती; ती १९६९ सालापासूनची. तींत मजकूर व पासवर्ड दोन्ही उघडे जात. तिजोरीचा आंकडा पोस्टकार्डावर लिहून पाठवावा, तसाच तो प्रकार. १९९५ सालीं फिनलंडमध्यें हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत असे पासवर्ड चोरून टिपले जात असल्याचें उघडकीस आलें, आणि तेथील तातु इलोनेन या संशोधकानें त्यावर उपाय म्हणून एसएसएच ही पद्धत रचली. हिच्यांत दोन टोकांमधील सर्व मजकूर कूट लिपींत जातो. शिवाय पासवर्डाऐवजीं किल्ल्यांची जोडी वापरतां येते. जोडींतील एक किल्ली सर्व्हरवर ठेवावयाची; दुसरी आपल्या यंत्रांत गुप्त राहते व ती तारेवरून कधींच प्रवास करीत नाहीं. त्यामुळें वाटेंत टपून बसलेल्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं. १९९९ पासून मोफत मिळणारें ओपनएसएसएच आज बहुतेक लिनक्स, मॅक आणि विंडोज १० व ११ यांच्या सोबतच येतें. जातात तीं चार अक्षरें, म्हणून मोबाईलच्या क्षीण जोडणीवरहि काम अडत नाहीं. ज्याला आज्ञा लिहितां येतात, त्यानें पैसे खर्चून दुसरें साधन शोधूं नये.

हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजवर असला म्हणजे मात्र पडदाच पाहावा लागतो. व्हीएनसी हें साधन केंब्रिज येथील ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेंत जन्मलें व १९९८ सालीं मोफत खुलें झालें. तें पडद्यावरील ठिपके पाठवितें, म्हणून कोणत्याहि जातीच्या यंत्रावर चालतें. पण त्याच्या मूळ पद्धतींत पासवर्डाचीं पहिलीं ८ अक्षरेंच मोजलीं जात आणि पुढचें चित्र उघडेंच जाई. तें घ्यावयाचेंच तर एसएसएचच्या बोगद्यांतून न्यावें. मायक्रोसॉफ्टची आरडीपी पद्धत विंडोजवर यापेक्षां चपळ आहे. तिच्यांत एक अडचण आहे, आणि ती बहुतेकांना यंत्र विकत घेतल्यानंतर कळते: विंडोजची होम आवृत्ति बाहेरून येणाऱ्याला आंत घेत नाहीं. घरून निघावयास होम चालते. ज्या यंत्रांत शिरावयाचें तें प्रो असावें लागतें.

पुढची चूक याहून महागाची. राउटरवर आरडीपीचें ३३८९ क्रमांकाचें पोर्ट थेट इंटरनेटला खुलें करावें आणि घरून सरळ जोडावें, हा मार्ग सोपा खरा. पण असलीं उघडीं दारें हुडकीत फिरणारीं यंत्रें जगभर अहोरात्र चालू असतात. मे २०१९ मध्यें जुन्या विंडोजच्या याच सेवेंत ब्ल्यूकीप नांवाचा दोष सांपडला. पासवर्ड ठाऊक नसतांहि त्यांतून आंत शिरतां येत असे. आधार २०१४ सालींच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठींहि मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली, यावरून त्याचें गांभीर्य कळावें. पोर्टाचा क्रमांक बदलणें म्हणजे घराची पाटी बदलणें. कुलूप तें नव्हे. योग्य मार्ग असा कीं, आधीं व्हीपीएननें कचेरीच्या जाळ्यांत शिरावें व मग आरडीपी चालवावी. वायरगार्ड हें व्हीपीएन २०२० सालीं लिनक्सच्या गाभ्यांत आलें. ओळखीची किल्ली नसलेल्यानें दार ठोठावलें तर तें उत्तरच देत नाहीं, आणि हाच त्याचा मोठा गुण.

तथापि पुष्कळ जोडण्यांना इंटरनेटवर स्वतंत्र पत्ता नसतो. अनेक ग्राहक एकाच पत्त्याआड असतात. तेथें बाहेरून दार ठोठावणेंच शक्य नसतें. अशा वेळीं टीमव्ह्यूअर, एनीडेस्क अगर क्रोम रिमोट डेस्कटॉप यांसारखीं मध्यस्थामार्फत चालणारीं साधनें उपयोगीं पडतात. दोन्ही यंत्रें आपण होऊन बाहेर पडतात व मध्यस्थाकडे भेटतात. परगांवीं राहणाऱ्या मुलाला आईवडिलांचा संगणक नीट करून द्यावयाचा असेल तर हीं उत्तम. पण टीमव्ह्यूअर खासगी वापरालाच मोफत आहे, कचेरीच्या कामाला नव्हे. आणि तें दार उघडणें इतकें सोपें कीं, त्याचा लाभ चोरहि घेतात. बँकेंतून बोलतों असें सांगून साधन उतरवून घ्यावयास लावायचें, पडद्यावरचा आंकडा विचारून घ्यायचा आणि खातें रितें करायचें, असे प्रकार झाल्यावरून रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्यें एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीविषयीं बँकांना सावध केलें. त्यांत दोष साधनाचा नव्हता. तो आंकडा परक्याला सांगितला गेला. घरांतील वृद्धांना हें नीट समजावून द्यावें, आणि काम झालें कीं साधन काढून टाकावें. कायम ठेवावयाचें असल्यास दुहेरी ओळख लावावी.

राहिली यंत्र बंद पडण्याची गोष्ट. फायरवॉल दूरून बदलतांना आपणच बाहेर राहण्याचा संभव असतो; म्हणून १० मिनिटांनीं जुनी मांडणी आपोआप परत यावी अशी योजना आधीं करून मग हात घालावा. निजलेलें यंत्र जागविण्यासाठीं वेक-ऑन-लॅन आहे. आरंभीं ६ ठराविक बाइट व पुढें त्या यंत्राचा जाळ्यांतील पत्ता १६ वेळां, असा १०२ बाइटांचा तो निरोप. पण तो कचेरीच्या जाळ्याच्या आंतूनच निघावा लागतो, म्हणजे तेथें एक तरी यंत्र अगर राउटर जागा हवा. वीज जाऊन परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय बहुतेक यंत्रांच्या बायोसमध्यें असते. ती यंत्रासमोर बसलेलें असतांनाच लावून घ्यावी. बंद यंत्राच्या बायोसपर्यंत वर सांगितलेल्यांपैकीं कोणतेंहि साधन पोंचत नाहीं.