दोन बोअरच्या मधली जमीन

बांधकामाआधी जमीन तपासायची म्हणजे बोअर मारायचे, ही आपल्याकडची रूढ समजूत. नेहमीच्या एनएक्स बोअरचा व्यास साधारण 76 मिलिमीटर असतो. एक हेक्टर जागेत असे पाच बोअर घेतले, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने आपण दहा लाखांतले दोन-तीन भाग प्रत्यक्ष पाहिलेले असतात. उरलेली सगळी जमीन अंदाजाने जोडलेली. या अंदाजाला आधार देण्याचं काम भूभौतिक पाहणी शंभर वर्षांपासून करत आली आहे. एक पद्धत जिथे अडली, तिथे दुसरी आली, असाच तिचा इतिहास आहे.

सुरुवात खनिजांच्या शोधातून झाली. 1912 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीत कॉन्राड श्लुंबर्जे यांनी जमिनीत वीजप्रवाह सोडून विद्युतदाबाचे नकाशे काढायला सुरुवात केली. त्याच दशकात अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी अशा विद्युत मोजणीसाठी चार खुंट्यांची मांडणी रूढ केली. जर्मनीत लुडगर मिंट्रॉप यांनी भूकंपलहरींनी खडकाची खोली काढण्याच्या पद्धतीचं पेटंट 1919 मध्ये मागितलं. तेलाच्या धंद्याने ही विद्या मोठी केली आणि 1920 च्या दशकाअखेरीस ती धरणांच्या पायापर्यंत पोचली. खडक किती खोल आहे, हे धरण बांधणाऱ्यांनाही हवंच होतं.

मग प्रश्न थोडा बदलला. 2 डिसेंबर 1959 रोजी फ्रान्समधलं मालपासे हे कमानी धरण फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. खडक जागेवर होता, पण डाव्या काठाखालच्या भेगा आणि प्रस्तरभंग आधी नीट ओळखले गेले नव्हते. खडक आहे एवढ्याने भागत नाही, तो किती अखंड आहे हेही कळायला हवं, असा धडा त्यातून मिळाला. प्रयोगशाळेतल्या तुकड्यातून लहर किती वेगाने जाते आणि प्रत्यक्ष जागेवरच्या खडकातून किती वेगाने, यांची तुलना करून भेगांचं प्रमाण जोखण्याची रीत पुढे अभियंत्यांच्या हाती आली.

महाराष्ट्रात धरणांच्या पायांसाठी हे काम प्रामुख्याने खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेने केलं. साधन साधं होतं. जमिनीचा कंप टिपणारे जिओफोन ओळीने लावायचे, लोखंडी पाटावर घण मारायचा किंवा लहान सुरुंग उडवायचा आणि लहर कुठे किती वेळात पोचली ते मोजायचं. सुट्या मातीत लहरीचा वेग सेकंदाला काहीशे मीटर, पाणी मुरलेल्या थरात दीड हजारांच्या आसपास, तर घट्ट काळ्या बेसाल्टमध्ये पाच हजारांच्या घरात जातो. या फरकावरून खडकाची पातळी सलग रेषेत कळते. सुटे बोअर ती बिंदूंमध्येच देतात.

पण दख्खनचा दगड या पद्धतीची परीक्षा पाहतो. लहरींच्या वक्रीभवनावर चालणाऱ्या या पद्धतीची सारी गणितं एका गृहीतावर उभी आहेत: खाली जाल तसा वेग वाढत गेला पाहिजे. इथे लाव्हाचे थर एकावर एक आहेत. वर कठीण बेसाल्ट, खाली तांबडी माती किंवा मऊ ब्रेशिया, त्याखाली पुन्हा बेसाल्ट. मधला मऊ थर लहरींच्या नोंदीत उमटतच नाही. कोकण-गोव्यातही वर टणक जांभा आणि खाली मऊ चिकणमाती. कोकण रेल्वेच्या अभियंत्यांना कठीण खडकातल्या बोगद्यांपेक्षा पेडण्यासारख्या मऊ मातीतल्या बोगद्यांनी जास्त छळलं. 1998 मध्ये मार्ग सुरू झाला, तरी जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या थांबल्याच.

जिथे लहरी फसतात तिथे वीज कामी येते. जमिनीचा विद्युत रोध मोजणारं रेझिस्टिव्हिटीचं यंत्र महाराष्ट्राच्या खेड्यांना 1972 च्या दुष्काळापासून विहिरींच्या निमित्ताने ओळखीचं झालं. ओली माती वीज सहज वाहू देते, घट्ट खडक अडवतो. पूर्वी एका जागी एकच आलेख मिळायचा. 1990 च्या दशकात बहुखुंटी यंत्रं आणि संगणकी गणित आलं आणि जमिनीचा उभा छेदच चित्ररूपात दिसू लागला. पाणी धरलेल्या भेगा आणि मऊ पट्टे त्यात ओळखू येऊ लागले.

शहरांत मात्र खुंट्या ठोकायला माती नाही आणि वाहनांचा गोंगाट थांबत नाही. 1999 मध्ये कॅन्ससच्या भूवैज्ञानिकांनी पृष्ठलहरींची ‘मास्व’ पद्धत मांडली. तिला खालचा मऊ थरही दिसतो. पुढे तर वाहतुकीचा कंपच लहरींचा स्रोत म्हणून वापरता येऊ लागला. पुरलेल्या वाहिन्या शोधायला रडार आलं, पण काळ्या चिकणमातीत त्याचं बळ वरच्या थोड्या थरातच संपतं. जाहिरातीत ही मर्यादा सहसा लिहिलेली नसते.

खोल बोगद्यांपुढे या साऱ्या पद्धतींची धाव अपुरी पडते. डिसेंबर 2009 मध्ये उत्तराखंडच्या तपोवन-विष्णुगाड प्रकल्पात बोगदा खोदणारं यंत्र जलधर थरात घुसलं आणि सेकंदाला शेकडो लिटर पाणी आत आलं. डोक्यावर सुमारे एक किलोमीटर डोंगर होता. इतक्या खोलीवरचा तपशील पृष्ठभागावरून घण मारून कळत नाही. रोहतांगच्या अटल बोगद्यात सेरी नाल्याखालच्या 587 मीटरनी जवळपास चार वर्षं खाल्ली. अशा ठिकाणी बोगद्याच्या तोंडापासूनच पुढचा खडक लहरींनी तपासत जावं लागतं. पाण्याखाली अडचण वेगळी असते. बुलेट ट्रेनच्या बोगद्याचा सात किलोमीटर भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो. तिथे समुद्रतळावरच्या बोअरांना भूकंपलहरींच्या पाहणीची जोड दिली गेली, कारण पाण्यात हवे तितके बोअर घेणं कुणालाच परवडत नाही.

भारतीय मानक ब्युरोने या दोन्ही पद्धतींच्या, म्हणजे लहरींच्या वक्रीभवनाच्या आणि विद्युत रोधाच्या, संहिता 2000 नंतरच्या दशकात काढल्या. तरीही कित्येक निविदांत ही पाहणी शेवटची ओळ असते आणि खर्च कापायची वेळ आली की पहिली उडते. बोअर झाल्यावर, अडचण आल्यावर ती करून घेतली तर तिचं निम्मं मोल गेलेलं असतं. बोअर कुठे घ्यायचा हे सांगणं हाच तिचा मोठा उपयोग. तिचे रंगीत छेद बोअरच्या गाभ्याशी पडताळल्याशिवाय खरे मानू नयेत, हेही तितकंच खरं. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी पाहणी, तिच्यावरून बोअरच्या जागा, मग बोअरच्या नोंदींनी पाहणीचा अर्थ पुन्हा लावणं. निविदा लिहिणाऱ्या अभियंत्यांनी ही ओळ सर्वांत वर आणावी आणि अहवालात दोन बोअरच्या मध्ये काय आहे, हे पुराव्यासह मागावं.